बादली झोपली की तिचं जेवण संपलं? : बिनग्लुटेन घरगुती बिअरचं आंबणं रेंगाळतं तेव्हा

"मावशी, बादली झोपली."

जानेवारीतली रात्र, साडेअकरा वाजलेले. लीड्सला तेव्हा संध्याकाळचे सहा. इंदूरलाही त्या आठवड्यात कडाक्याची थंडी होती आणि मी रामबागेतल्या घरी दुलईत शिरले होते. भाच्याची बादली म्हणजे वीस लिटर ज्वारीची बिअर. चार दिवस झाले तरी एअरलॉकमधून (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी) बुडबुडा नाही, वर फेस नाही.

"अजून एक पुडी यीस्ट टाकू का?"

"काहीही टाकू नकोस. मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. कोणीच मोजत नाही. सगळे आधी पुडी शोधतात.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, बिअरचा थेंबही कधी चाखलेला नाही. या भानगडीत पडले ती भाच्यामुळे. नऊ वर्षांचा असताना त्याला सिलिअॅक (ग्लुटेन, म्हणजे गव्हा-बार्लीतलं प्रथिन, न सोसण्याचा आजार) निघाला आणि घरातले बाफले, पोळ्या, शंकरपाळे सगळं त्याच्या ताटातून उठलं. उरली आजीची ज्वारीची भाकरी. पुढे तो शिकायला लीड्सला गेला, तिथेच राहिला, आणि मित्र पबमध्ये बसले की हा सफरचंदाची सायडर घेऊन बसायचा, कारण बिअर म्हणजे बार्ली आणि बार्लीत ग्लुटेन. शेवटी स्वतःच करू लागला.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त ती विकता येत नाही. आपल्याकडे तसं नाही. मध्य प्रदेशात १९१५ चा आबकारी कायदा आहे, परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा ठरतो. शेजारच्या गुजरातेत तर दारूबंदीच. तेव्हा बादलीचा भाग, जिथे कायदा मुभा देतो तिथल्या मराठी मंडळींसाठी. माझ्या घरात फक्त धान्याला मोड येतात, तेही सत्त्वासाठी.

एवढ्या बादल्या फोनवरून पाहिल्यावर माझं मत असं झालंय की बिनग्लुटेन बिअरमध्ये यीस्ट क्वचितच आळशी असतं. त्याच्या पानात जे वाढलंय ते त्याला खाता येत नसतं. दुखणं बादलीत दिसतं, पण लागलेलं असतं आदल्या दिवशी, धान्य शिजवताना. म्हणून तपासायचा क्रम महत्त्वाचा: आधी मोजमाप, मग तापमान, मग यीस्ट, मग पोषण आणि शेवटी धान्य. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बादली चालू झाली, तर पुढच्या खेपेला काय करायचं हे कळत नाही.

आधी खात्री करा की ती थांबलीच आहे

बुडबुड्यांवर विसंबू नका. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, पण भात शिजत असतो. प्लास्टिकच्या बादलीचं झाकण जरा जरी सैल बसलं तरी वायू कडेने निघून जातो आणि एअरलॉक निवांत बसून राहतो.

फेसाचंही तसंच. बार्लीच्या बिअरवरचा जाड फेस तिच्यातल्या प्रथिनांच्या जोरावर टिकतो. ज्वारी आणि तांदळात तशी प्रथिनं फारशी नसतात. फेस पातळ येतो, कधी रात्रीतून येऊन सकाळपर्यंत बसूनही जातो. बार्लीच्या बिअरचे फोटो शेजारी ठेवून आपल्या बादलीला नापास करू नका.

हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी तरंगती नळी, लावा. साखर संपत जाते तशी घनता उतरते. धान्यापासून काढून, उकळून गार केलेल्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. यीस्ट घालण्यापूर्वी त्याची घनता मोजून लिहून ठेवलेली असावी. ती नसेल तर पुढचं बरंचसं अंदाजपंचे होतं. निर्जंतुक नळीने शंभरेक मिलिलिटर नमुना काढा, दोन ग्लासांत चार वेळा ओतून त्यातला वायू घालवा (बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटले की तो वर उचलला जातो), आणि नमुना हायड्रोमीटरवर लिहिलेल्या तापमानाला आणून मग आकडा वाचा. हल्लीचे बहुतेक २० अंशांना जुळवलेले असतात, जुने १५.६ ला. तीस अंशांच्या नमुन्यात २० अंशांचा हायड्रोमीटर घातलात तर आकडा दोन-तीन अंकांनी (एक अंक म्हणजे ०.००१) कमी दिसतो. काम झालं की नमुना बादलीत परत ओतायचा नाही.

अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा मोजा. आता तीनपैकी एक गोष्ट दिसेल. तीन दिवस उलटूनही आकडा सुरुवातीचाच असेल तर आंबणं सुरूच झालेलं नाही. रोज दोन-तीन अंक उतरत असेल तर ते मंद आहे, पण चालू आहे. भराभर उतरून मध्येच, समजा १.०२२ वर, ठाण मांडून बसलं असेल तर खरा प्रश्न येतो की ते अडलंय की संपलंय. पहिल्या दोन प्रकारांत दोष बहुधा तापमानाचा, यीस्टचा किंवा पोषणाचा असतो. तिसऱ्यात संशय धान्यावर.

रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) असेल तर एक गोची लक्षात ठेवा. थेंबभर नमुना पुरतो म्हणून तो सगळ्यांना आवडतो, पण एकदा अल्कोहोल तयार झालं की तो खोटं बोलतो. सुरुवात १२ ब्रिक्सला (साखरेचं प्रमाण मोजायचं एकक) झाली आणि आता ६ दिसतंय, तर सरळ हिशोबाने ते १.०२४ वाटेल. खरी घनता १.०११ च्या आसपास असते. अशी "अडकलेली" बादली भाच्याच्या एका मित्राने पंधरा दिवस शाल पांघरून जपली होती. ती केव्हाच तयार झालेली होती.

भाच्याची सुरुवात होती १.०४८. त्या रात्री मोजायला लावलं तर १.०४१. म्हणजे झोपलेली नव्हती, पेंगत होती.

तापमान

"बादली कुठे ठेवली आहेस?" "स्वयंपाकघरात, मागच्या दाराशी, फरशीवर." रात्री घराचं हीटिंग बंद होतं. बादलीवर चिकटवलेली तापमानपट्टी तेरा अंश दाखवत होती.

एल प्रकारच्या, म्हणजे उबेत आंबवणाऱ्या, यीस्टला साधारण १८ ते २० अंश मानवतात. पंधराच्या खाली बहुतेक जाती आखडतात. खोलीचं तापमान विचारू नका, बादलीच्या अंगाचं पाहा: थंड फरशी खालून ऊब ओढून घेते. इंदूरच्या थंडीत आपण इडलीचं पातेलं ओट्यावर ठेवत नाही, टॉवेलात गुंडाळून पेटीत किंवा गाद्यांच्या बेचक्यात ठेवतो. तीच अक्कल इथे चालवायची. खाली लाकडी फळी, भोवती जुनी रजई, आणि जागा आतल्या भिंतीशी. हे पुरत नसेल तर बादली पाण्याच्या टबात ठेवून त्या पाण्यात माशांच्या टाकीचा हीटर सोडायचा. पाणी ऊब सावकाश देतं आणि सगळीकडून सारखी देतं. बादली हीटरला थेट टेकवून ठेवू नका. आणि उत्साहाच्या भरात २२ च्या वर नेऊ नका, चवीत नेलपॉलिशसारखा दर्प येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं, असं पिणारे सांगतात.

ऊब मिळाल्यावर निर्जंतुक चमच्याने, हवा न घुसळता, तळाशी बसलेलं यीस्ट हळूच उठवा. मग दीड-दोन दिवस हात लावायचा नाही. भाच्याला हे सर्वांत अवघड गेलं.

यीस्ट

इथे जास्त रेंगाळत नाही. वीस-तेवीस लिटरला साडेअकरा ग्रॅमची एक पुडी पुरते, जर ती मुदतीतली असेल आणि फ्रिजमध्ये राहिली असेल तर. शंका असेल तर यीस्टच्या दहापट, उकळून २५ ते ३० अंशांपर्यंत कोमट केलेल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा. दुधासारखं मलईदार झालं की घाला, पण ते पाणी आणि वर्ट यांच्या तापमानात दहा अंशांहून जास्त फरक नको. वर्टमध्ये यीस्ट घालण्यापूर्वी बादली चांगली खळबळवा, कारण नव्या पेशी बांधायला यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. आंबणं सुरू झाल्यावर मात्र हवा अजिबात नको, चव पुठ्ठ्यासारखी होते.

मध्येच नवं यीस्ट घालायचीच वेळ आली तर कोरडी पुडी भुरभुरवू नका. अल्कोहोल असलेल्या, साखर संपत आलेल्या द्रवात ते जागं होता होता मरतं. आधी अर्धा लिटर ताज्या वर्टमध्ये ते चालू करा आणि फेसाळलेलं असतानाच ओता. लग्नघरी उशिरा आलेला पाहुणा जेवून आलेला असेल तरच कामाला लागतो.

सिलिअॅकसाठी इथे एक खाच आहे. कोरडं यीस्ट बहुधा बिनग्लुटेन असतं, पण पाकिटावर तसं लिहिलेलं पाहून घ्यावं. द्रव यीस्ट बार्लीच्या वर्टमध्ये वाढवलेलं असू शकतं. पूरक आहार म्हणून मिळणारं ब्रुअर्स यीस्ट तर अनेकदा बार्लीच्या बिअरच्या तळातूनच काढलेलं असतं. ते 'पोषण' म्हणून बादलीत टाकलंत तर सगळी मेहनत मातीत.

पोषण

बार्लीचा वर्ट यीस्टसाठी पुरणावरणाचं पान असतो. साखर तर असतेच, शिवाय प्रथिनं फुटून तयार झालेली अमिनो आम्लं असतात. त्यांतून यीस्ट नायट्रोजन घेतं. चांगल्या वर्टमध्ये असा उपलब्ध नायट्रोजन लिटरमागे १५० ते २०० मिलिग्रॅम असतो. ज्वारीच्या किंवा तांदळाच्या तयार पाकापासून केलेल्या बिअरमध्ये तो फार कमी पडतो. ज्वारीचं मुख्य प्रथिन काफिरिन, आणि ते चिवट आहे, सहजासहजी तुटत नाही. वर कोणी पाकात किलोभर साखर किंवा मध ढकलला तर गोडवा वाढतो, नायट्रोजन आणखी विरळ होतो. उपवासाच्या दिवशी नुसती बर्फी खाऊन राहावं तसं. पहिले दोन दिवस जोर दिसतो, मग सगळं ढेपाळतं. कधी सडक्या अंड्यांचा वास येतो, तोही नायट्रोजन कमी असल्याची खूण.

नुसत्या साखरेचा आणखी एक त्रास आहे. यीस्ट आधी ग्लुकोज संपवतं आणि ते भरपूर असलं की माल्टोज, म्हणजे दोन कड्यांची साखर, खाण्याची यंत्रणा बंद ठेवतं. ग्लुकोज संपल्यावर ती यंत्रणा पुन्हा उभारायला वेळ लागतो. दुबळं यीस्ट तिथेच बसकण मारतं. म्हणून साखर किंवा मध घालायचाच असेल तर आंबणं जोरात आल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घाला.

उपाय स्वस्त आहे. यीस्टचं खाद्य म्हणून डायअमोनियम फॉस्फेट मिळतं. वीस लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम नायट्रोजनाची भर. पण त्यात जीवनसत्त्वं नाहीत आणि जस्तही नाही, म्हणून मिश्र खाद्य मिळालं तर ते बरं. किंवा घरगुती युक्ती: दहा ग्रॅम साधं बेकरीचं कोरडं यीस्ट (लेबल वाचून) उकळत्या वर्टमध्ये शेवटची पंधरा मिनिटं टाका. ते मरतं, आणि जिवंतांना त्याचं सगळं मिळतं. हे ऐकून भाचा म्हणाला, "मावशी, हे जरा भयंकर आहे."

हे सगळं सुरुवातीला घालायचं, फार तर आंबणं एक-तृतीयांश होईपर्यंत. नंतर अल्कोहोल चढलं की यीस्टला ते नीट घेता येत नाही. दहाव्या दिवशी अडकलेल्या बादलीत खत ओतून काही होत नाही, उलट उरलेलं खाद्य नको त्या जंतूंच्या कामी येतं.

अडलंय की संपलंय? एका बाटलीची परीक्षा

ऊब दिल्यावर भाच्याची बादली चांगली चालली. नवव्या दिवशी १.०२२. अकराव्या दिवशीही १.०२२. पुन्हा फोन, पुन्हा पुडीचा विषय.

मी त्याला बाटलीची परीक्षा घ्यायला लावली. माझ्या मते घरी बिअर करणाऱ्याने पहिल्यांदा शिकायची गोष्ट हीच. निर्जंतुक बाटलीत बादलीतली पाव लिटर बिअर घ्या. त्यात चमचाभर ताजं यीस्ट घाला, म्हणजे गरजेच्या कितीतरी पट. झाकण सैल ठेवून २५ ते २८ अंशांच्या उबेत ठेवा आणि दिवसातून चार-पाच वेळा हलवा. चवीची पर्वा करू नका, ही प्यायची नाही. तीन दिवसांनी घनता मोजा.

इतकं यीस्ट आणि इतकी ऊब मिळूनही जो आकडा खाली जात नाही तो त्या वर्टचा तळ. बाटली १.०१० पर्यंत उतरली आणि बादली १.०२२ वर आहे, तर बादली अडली आहे: ऊब द्या, यीस्ट उठवा, मग चालू केलेलं नवं यीस्ट घाला. बाटलीही बादलीच्या आसपासच थांबली, तर यीस्टने आपलं काम केलं आहे. उरलाय तो डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे मोठे तुकडे, आणि ते बिअरच्या यीस्टला खाता येत नाहीत.

भाच्याची बाटली १.०१९ वर थांबली. बादलीत फार तर तीन अंकांचं जेवण उरलं होतं. तेवढंही चार दिवसांत संपलं आणि ती खेप तशीच गुळचट राहिली.

ही परीक्षा प्रत्येक खेपेला, यीस्ट घालायच्या दिवशीच, बाजूला काढलेल्या वर्टवर करून ठेवली तर बादली कुठे थांबणार हे चौथ्या दिवशीच कळतं.

यात यीस्टची जातही पाहावी लागते. काही जाती माल्टोट्रायोज, म्हणजे तीन कड्यांची साखर, खातच नाहीत. अशी जात घेतली असेल तर परीक्षेच्या बाटलीत दुसरी जात वापरून पाहा.

खरा दोष: धान्य शिजवताना

आता मूळ प्रश्नाकडे. १.०१९ वर तळ का लागला?

धान्यातला स्टार्च यीस्टला खाता येत नाही. आधी तो शिजून फुलावा लागतो, मग एन्झाइमांनी तोडून त्याची साखर व्हावी लागते. बार्लीत दोन्ही कामं एकाच तापमानाला होतात: तिचा स्टार्च ६० ते ६५ अंशांत फुलतो, आणि माल्टोज बनवणारं बीटा अमायलेज हे एन्झाइम त्या तापमानाला अजून जिवंत असतं. ज्वारीचा स्टार्च फुलायला जवळपास ६८ ते ७८ अंश लागतात, तांदळालाही तेवढेच. तिथपर्यंत पोहोचलात की बीटा अमायलेज मेलेलं असतं, आणि ज्वारीत ते मुळातच बेताचं. बार्लीच्या पुस्तकातली कृती ज्वारीला लावली की एक तर स्टार्च कच्चा राहतो, नाहीतर फुलतो पण अर्धवट तुटतो. यीस्टच्या नशिबी डेक्स्ट्रिन.

तरीही ज्वारीची बिअर हा काही नवा खेळ नाही. आफ्रिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि १९८८ मध्ये नायजेरियाने बार्लीच्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) आयात बंद केल्यावर तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांनाही ज्वारीकडे वळावं लागलं. सिक्कीम-दार्जिलिंगकडचं तोंगबा तर आपल्या नाचणीच्याच जातीचं.

आणि माल्टिंग मराठी घरात होतंच. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड काढायचे, वाळवायची, भाजायची, दळायची. बाळाचं सत्त्व. मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं, म्हणून तर सत्त्वाची लापशी पातळ होते आणि पचायला हलकी. मोड काढायला नाचणी फार गुणी, या कामात ती भरड धान्यांत वरच्या रांगेत बसते. बिअरच्या दृष्टीने आपल्या आज्या एकच चूक करतात: भाजतात. खमंग वासासाठी ते ठीकच, पण त्या कढईत एन्झाइमं मरतात. भाच्याने पहिल्या दोन खेपांना माझ्या बहिणीने पाठवलेलं, छान भाजलेलं सत्त्व एन्झाइमांसाठी वापरलं होतं. निम्मं कोडं तिथेच सुटलं.

माल्ट घरी करणार असाल तर: बियाण्याच्या दुकानातली ज्वारी घेऊ नका, तिला बुरशीनाशक लावलेलं असतं. किराण्यातली अख्खी, न पॉलिश केलेली घ्या. आमच्याकडे सियागंजात मिळते, पण शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून किती उगवतात ते आधी पाहते, नव्वदच्या खाली गेले तर परत. दर सहा-आठ तासांनी पाणी बदलत दीड दिवस भिजवायची, २५ ते ३० अंशांत तीन-चार दिवस मोड वाढू द्यायचे, रोज हलवायचं. नाचणीला दोन-तीन दिवस पुरतात. बुरशीचा वास किंवा धागा दिसला तर सगळं फेकायचं, धुऊन वापरायचं नाही. मग ५० अंशांच्या खाली वाळवायचं. मार्च-एप्रिलमधली माळव्यातली गच्ची याला उत्तम. शेवटी चोळून, पाखडून मोड आणि मुळं पूर्ण काढून टाकायची. ज्वारीच्या कोंबात ध्युरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. नाचणीच्या सत्त्वात मोडासकट दळायची आपली सवय ज्वारीला लावू नका.

दळायला कोपऱ्यावरच्या चक्कीत द्यायचं नाही. दिवसभर गहू दळलेल्या जात्यातून गव्हाचं पीठ हमखास येतं. बिनग्लुटेनची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, चमचाभर पिठात ती ओलांडली जाते. घरच्या मिक्सरमध्ये जाडसर काढा.

आता शिजवण्याची रीत. वीस लिटरसाठी पाच-साडेपाच किलो माल्ट धरा, त्यात निम्मी-अधिक ज्वारी, बाकी नाचणी.

१. पंधरा लिटर पाणी घेऊन माल्ट ४५ ते ५० अंशांना कालवा आणि चाळीस मिनिटं ठेवा. या उबेत एन्झाइमं दाण्यातून पाण्यात उतरतात.

२. ढवळणं थांबवा. दाणा तळाशी बसला की वरचं निवळ पाणी, पाच-सहा लिटर, डावाने काढून झाकून ठेवा. तुमची सगळी एन्झाइमं त्या पातेल्यात आहेत. ते गॅसवर ठेवायचं नाही. भाच्याच्या घरात एकदा मित्राने मदत म्हणून ते उकळून ठेवलं होतं.

३. खालचा लगदा ढवळत उकळा, मग अर्धा तास शिजू द्या. हा पिठल्यासारखा घट्ट होतो आणि तळाला लागतो, पाणी हाताशी ठेवा.

४. लगदा ७० च्या आसपास निवू द्या, मग बाजूला काढलेलं पाणी त्यात मिसळा. मिश्रण ६२ ते ६५ वर आलं पाहिजे. दीड-दोन तास तिथेच रजईत.

५. थेंबभर पांढऱ्या बशीवर घेऊन टिंक्चर आयोडिनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी थांबा. (तो थेंब पुन्हा भांड्यात नको.)

आयोडिन स्टार्च संपला एवढंच सांगतं. यीस्टला खाता येईल अशी साखर झाली का, हे सांगत नाही. तिथे लोक फसतात. ते कळायला परीक्षेची बाटलीच लागते.

एवढा खटाटोप नको असेल, किंवा नुसत्या तांदूळ-ज्वारीवर काम करायचं असेल, तर बाहेरून एन्झाइम घाला. उष्णता सोसणारं अल्फा अमायलेज लगदा तापतानाच, ७५ ते ९० अंशांत. मग ६० वर आल्यावर ग्लुकोअमायलेज. ते डेक्स्ट्रिनचं टोक धरून एकेक ग्लुकोज तोडत जातं. मात्रा पाकिटावरची, कारण प्रत्येकाची ताकद वेगळी, आणि एन्झाइम बिनग्लुटेन आहे हे तिथेच पाहा. 'ग्लुटेन तोडणारं' म्हणून एक एन्झाइम मिळतं, ते बार्लीच्या बिअरमध्ये घालण्यासाठी असतं. सिलिअॅक असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

हेच ग्लुकोअमायलेज अडकलेल्या बादलीतही घालता येतं का? येतं. पण १८-२० अंशांत ते संथ चालतं, दोन-तीन आठवडे घेतं, आणि थांबवता येत नाही. १.०१९ ची बिअर १.००२ पर्यंत उतरून कडक, पातळ आणि जास्त चढणारी होऊ शकते. मी भाच्याला नको म्हटलं. खेप गुळचट राहिली तरी चालेल. पुढच्या वेळी धान्य नीट शिजव, म्हटलं. मार्चमध्ये याच रीतीने केलेली खेप १.०४७ वरून बारा दिवसांत १.०११ ला आली, बादली एकदाही न हलवता.

बाटलीत भरण्याआधी

रेंगाळलेल्या बादलीत खरा धोका इथे असतो. थांबलं असं वाटून भरलेली बिअर बाटलीत पुन्हा चालू झाली तर काच फुटते. घनतेचे चार अंक जरी उरले असतील तरी त्यांचा वायू आणि बाटलीत घातलेल्या साखरेचा वायू मिळून दाब जवळपास दुप्पट होतो.

म्हणून मंद चाललेल्या बादलीला नेहमीच्या खेपेपेक्षा जास्त धीर: चार-चार दिवसांच्या अंतराने तीन मोजमापं, तिन्ही सारखी, आणि परीक्षेच्या बाटलीच्या आकड्यापासून एक-दोन अंकांत. ग्लुकोअमायलेज घातलं असेल तर आणखी दोन आठवडे. मग लिटरमागे सहा ग्रॅम साखर. बाटल्या बिअरच्याच हव्यात, जाड काचेच्या. शोभेच्या चौकोनी नकोत.

एक बाटली सोडावॉटरच्या प्लास्टिकची भरा. रोज अंगठ्याने दाबून पाहा. दगडासारखी कडक झाली की बाकीच्या बाटल्यांतही पुरेसा वायू झाला असं समजा आणि सगळ्या फ्रिजमध्ये हलवा. तीन दिवसांतच कडक झाली तर मात्र थांबू नका: हातमोजे आणि चष्मा घालून, बाटलीवर टॉवेल टाकून, झाकणं एकेक करून सैल करा. भाच्याने हे एकदा मोरीत उभं राहून केलं, आणि मी इकडे फोन कानाला लावून चोवीस फुसकाऱ्या मोजल्या.